अर्ध्या दारावरची ओळ

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? मी दरवाजा नाही, अर्धा दरवाजा आहे. बाहेरून पाहिलंत तर डावीकडचा पल्ला. उजवीकडे जो दिसतो तो माझा भाऊ नव्हे. तो पाइनच्या फळ्यांचा आहे, वीस-पंचवीस वर्षांचा. बर्फ वितळायला लागलं की फुगतो आणि दिवसभर कुरकुरतो. स्वभावाने बरा आहे, पण आमचं अजून फारसं जमलेलं नाही.

मी तुमच्यापासून फार दूर, डोंगरांतल्या वार्दावांक गावच्या चर्चचा. माझा खरा भाऊ आणि मी एकाच अक्रोडाच्या खोडातून निघालो. सहाशे वर्षं झाली त्याला. ज्या सुताराने आम्हाला घडवलं त्याचं नाव मी शेवटी सांगेन. आत्ता सांगितलं तर पान उलटेपर्यंत तुम्ही विसराल. तीन हिवाळे तो आमच्यावर खपला. त्या दिवसांत डोंगरामागे सूर्य लवकर जाई, म्हणून त्याची बायको तेलाचा दिवा धरून शेजारी उभी राहायची. हात अवघडला की ती दिवा दुसऱ्या हातात घ्यायची, आणि तो म्हणायचा, "हलू नकोस गं, द्राक्षाचा घड वाकडा होईल." एक घड वाकडा झालाच. तो माझ्यावर आहे. आजही आहे.

सगळं कोरून झाल्यावर त्याने खाली एक ओळ कोरली. माझ्यावर सुरू होणारी आणि भावावर संपणारी. एक एक अक्षर तो मोठ्याने म्हणत होता, म्हणून मला ती पाठ आहे.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. (आमच्या गावात रामायण नाही, पण तुम्हाला कळेल असं बोलतो आहे.) चर्चमधून निघताना आमच्याकडे वेदीला पाठ दाखवत नाहीत. सगळे उलटे चालत, पावलापावलाने मागे सरकत बाहेर पडतात. दाराशी आलं की कडेला ओठ टेकायचे, छातीवर क्रूस करायचा आणि मग वळायचं. त्यामुळे माझ्याकडे येताना दिसतात त्या पाठी. मी माणसं पाठीवरून ओळखतो. ओझं वाहणाऱ्याची पाठ, पोटुशीची पाठ, नुकतंच कुणाला पुरून आलेल्याची पाठ. बायका आत डावीकडे उभ्या राहत, म्हणून त्यांचे ओठ माझ्या कडेला लागत. पुरुषांचे भावाच्या. ऑगस्टमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळाला की माझी कड दिवसभर गोड चिकट असायची. कोणी आमची स्तुती करत नसे. जे रोज ओठांना लागतं त्याची कोण स्तुती करतं?

मग वरून हुकूम आला. देव नाही, म्हणून चर्च नको. पाद्रीबाबांना आधीच घेऊन गेले होते. चर्चचं धान्याचं कोठार होणार होतं आणि बैलगाडी आत जायला दार आडवं येत होतं. गावात सुतार एकच, गालुस्त. त्याला सांगण्यात आलं: दार काढ, चीर, आणि लाकूड कचेरीच्या शेगडीला पाठव.

गालुस्तने दार काढलं. गाडीत घालून वर गवत रचलं आणि घरी आणलं. आपल्या गोठ्यातली जुनी गव्हाण फोडून ती लाकडं कचेरीत पोचवली.

गावच्या प्रमुखाने विचारलं, "चिरलंस?"

"चिरलं."

"देवाचं लाकूड कसं जळतं रे?"

"गव्हाणीसारखं," गालुस्त म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

आम्हा दोघांना त्याने गोठ्याला लावलं. नक्षीची बाजू आत. दोन्ही बाजूंना माती, शेण आणि भुसा कालवून बोटभर जाड लिंपण दिलं. त्याची आठ वर्षांची, आई नसलेली मुलगी वार्सेनिक घमेलं धरून उभी होती.

"बाबा, द्राक्षं बुडाली," ती म्हणाली.

"झोपली आहेत. हे दार आपलं नाही, वार्सो. उसनं आणलंय. एक दिवस परत नेऊन लावायचं. मी नसेन तर तू लावायचंस. कुणाला सांगायचं नाही. शेजारणीला नाही, देवालासुद्धा नाही. त्याला माहीतच आहे."

आत गालुस्तची आई बसली होती, येघसा. सत्तरीची, दातांनी कमी आणि जिभेने पुरेशी.

"आई, तूही ऐक. हे आता गोठ्याचं दार आहे. याला ओठ लावायचे नाहीत."

"का? येशूबाळ काय राजवाड्यात जन्मलं होतं?"

"आई!"

"बरं बाबा, नाही लावत. गायीचा मुका घेते."

शब्द दिला तिने. पण मित्रांनो, शब्द जीभ देते. सत्तर वर्षांची सवय जिभेत नसते, टाचांत असते. सकाळी धार काढून येघसा निघाली की हातात दुधाची बादली, तोंड गायीकडे, आणि टाचा आपोआप मागे मागे. दाराशी येऊन माझ्या कडेला ओठ टेकले की तिच्या लक्षात यायचं, आणि ती स्वतःलाच शिव्या द्यायची. माझ्या कडेचं लिंपण आठवड्याभरात झिजून जाई. गालुस्त पुन्हा लावी. "आई, परत गेली बघ माती." "उंदरांनी खाल्ली असेल," ती म्हणायची.

एकदा शेजारीण मारो विरजण मागायला गोठ्यात आली. तिने येघसाचं निघणं पाहिलं.  आणि जाताना तीही उलटी चालत गेली. मग तिची जाऊ विरजण मागायला आली. मग समोरची. त्या हिवाळ्यात वार्दावांकमधल्या निम्म्या बायकांचं दही अचानक नासायला लागलं. सगळ्या विरजणासाठी गालुस्तच्या गोठ्यात. आत दोन मिनिटं गप्प उभ्या राहायच्या, गाय बिचारी त्यांच्याकडे बघायची, आणि सगळ्या पाठमोऱ्या बाहेर. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. गुपित फुटलं ते तोंडातून नाही, पायांतून.

फेब्रुवारीत शहरातून चामडी कोटवाला एक माणूस आला. कुणाकडे किती जनावरं आहेत ते बघत फिरत होता. तो अंगणात शिरला आणि नेमकी येघसा मागे मागे सरकत बाहेर आली.

तो हसला. "काय म्हातारे, गायीला पाठ दाखवायची लाज वाटते?"

"बर्फ आहे बाबा," येघसा म्हणाली. "पडले तर तू उचलणार आहेस का?"

तो आणखी हसला. निघालाच होता. गेटपर्यंत गेला होता. तेवढ्यात तिच्यामागून मारो बाहेर आली. पाठमोरी. आणि बाहेर येऊन तिने छातीवर क्रूस केला.

त्याचं हसू तिथेच थांबलं.

तो दोन माणसं घेऊन परत आला. आत पवित्र पुस्तक असणार, नाहीतर चित्र असणार, याची त्याला खात्री होती. त्यांनी गवत उपसलं. माळा उपसला. गायीला बाहेर काढून जमीन खणली. दार सारखं मिटत होतं म्हणून त्याने बुटाने मला भिंतीशी दाबून धरलं. दोन तास मी त्याच्या बुटाखाली होतो, आणि तो मला शोधत होता.

काहीच मिळालं नाही. म्हणून त्यांनी गालुस्तला धरलं.

"काय लपवलंय सांग, आणि जा घरी," कोटवाला म्हणाला.

गालुस्तने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "गाय आहे," तो म्हणाला. "ती तुम्ही बाहेर काढलीत."

त्याला गोठ्यातूनच नेलं. दोघांनी दंड धरले होते, तरी तो उलटा चालत गेला. बाहेर ओढत नेत असताना माणूस उलटा चालला तर तो घाबरलाय असंच वाटणार. त्यांना तसंच वाटलं. उंबऱ्यावर त्याचा खांदा माझ्या भावाला घासून गेला. वार्सेनिक अंगणात उभी होती.

"दार लावून घे, वार्सो," तो म्हणाला. "थंडी येतेय."

तो परत आला नाही. पत्रही आलं नाही. आपण कोणत्या दिवशी त्याच्यासाठी मेणबत्ती लावायची, हे त्या घराला कधीच कळलं नाही.

त्या दिवसानंतर येघसा गोठ्यातून सरळ चालत बाहेर पडायला लागली. कडेला ओठ न टेकता, बाहेर पडून मला पाठ दाखवत. वसंतापर्यंत ती रोज अशी निघायची, आणि मग एके दिवशी उठलीच नाही. तिने मला माफ केलं नव्हतं की स्वतःला, हे मला सांगता येणार नाही. मी फक्त दूर जाणारी पाठ पाहिली.

पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं सांगण्यासारखं काही नाही. गायींनी शिंगं घासली, कोंबड्यांनी घाण केली. वार्सेनिकला शेजारणींनी वाढवलं, मग तिचं लग्न झालं. घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून नवराच घरजावई होऊन आला. मुलगा झाला, नवरा गेला. दर शरद ऋतूत ती आम्हाला नवं लिंपण द्यायची. सगळीकडे द्यायची, माझ्या कडेवरची बोटभर जागा सोडून. जिथे आजीचे ओठ लागत ती जागा तिने कधी लिंपली नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "एवढीच का उघडी?" ती म्हणाली, "तेवढीच माती कमी पडली." पस्तीस वर्षं तेवढीच माती कमी पडत होती. त्याने पुन्हा विचारलं नाही. शहाणा होता.

मग राज्य बदललं. कोठार रिकामं झालं. चर्चच्या छपराला भगदाड होतं. वार्सेनिक आता म्हातारी झाली होती. ती गोठ्यात येऊन मला म्हणायची, "उन्हाळा येऊ दे. छप्पर होऊ दे. मग नेते तुम्हाला." उन्हाळा आला, पण त्याच्याबरोबर लढाई आली. वाटा बंद झाल्या. गॅस बंद, वीज दिवसातून तासभर, तीही आली तर. मग तो हिवाळा आला.

मित्रांनो, त्या हिवाळ्याची थंडी मी सांगणार नाही. काय काय जळलं तेवढं सांगतो. रस्त्याकडेची झाडं आधी गेली. मग जर्दाळूच्या बागा, माणसांनी रडत रडत तोडलेल्या. मग कुंपणं, शाळेची बाकं. गाय नव्हती, म्हणून शेणी नव्हत्या. वार्सेनिकचा मुलगा रशियात कामाला गेला होता. घरात ती आणि तिची सून आर्पिने. आणि जानेवारीत आर्पिनेला सातव्याच महिन्यात मुलगी झाली. लवाशच्या, म्हणजे आमच्या पातळ रोटीच्या, गुंडाळीएवढी. तिचं नाव नाझेली.

त्यांनी हातमाग जाळला, स्टुलं जाळली, माळ्याचा जिना जाळला. एका सकाळी आर्पिने म्हणाली, "आई, गोठ्याला दार आहे ना अजून? गाय तर नाही. दार कशाला हवंय?"

"ते ओलं आहे."

"वाळवू की चुलीशी."

"ओलं आहे म्हटलं ना!"

आर्पिनेने सासूचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.  दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीच्या चौकटी जाळल्या आणि तिथे चिंध्या कोंबल्या.

तिसऱ्या सकाळी बाळ रडलं नाही. जिवंत होतं, पण रडत नव्हतं. ओठ निळे. आर्पिने ते उघड्या छातीशी धरून, अंगावर सगळे गालिचे घेऊन बसली होती. वार्सेनिकने बाळाचा पाय हातात घेतला. थोडा वेळ धरून ठेवला. मग उठली आणि बापाची कुऱ्हाड घेऊन गोठ्यात आली.

ती आमच्यासमोर उभी राहिली तो वेळ मला सहाशे वर्षांपेक्षा मोठा वाटतो. बापाने जीव दिला होता तो आमच्यासाठी. आणि घरात होती त्याचीच पणती. तिने हात पुढे केला. बोट माझ्या कडेवरच्या उघड्या जागेला लागलं आणि तिथेच थांबलं.

"तू राहा," ती मला म्हणाली.

मग भावाकडे वळली. आर्पिने मदतीला आली तोवर तिने त्याला खाली उतरवलं होतं.

"आई, आधी माती खरवडू या. धूर करेल."

"नको."

"चमच्याने काढते, पटकन निघेल."

"नको म्हणते ना. बघितलं तर हात उठणार नाही."

आर्पिनेला काही कळलं नाही. तिने एक टोक धरलं. "आई, रडताय?"

"धूर गेला डोळ्यांत."

"अजून पेटवलंय कुठे?"

कुऱ्हाडीचे घाव मी मोजले नाहीत. मला ते पुरून उरले.

सहाशे वर्षं वाळलेलं अक्रोडाचं लाकूड. चार दिवस पुरलं. भावाच्या रिकाम्या जागेतून मला घराचं धुराडं दिसत होतं. माझा भाऊ तिथून थोडा थोडा वर जात होता. पहिल्या दिवशी दुपारी बाळ रडलं, अंगणात ऐकू येईल असं. आणि लगेच आर्पिनेचा आवाज आला, "आई, या लाकडाला चर्चसारखा वास का येतोय?"

तेव्हा वार्सेनिकने सांगितलं. पहिल्यांदा, कुणालाही. सगळं.

 आर्पिने म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर जाळू दिलं असतंस?"

"…नसतं."

"म्हणून."

पाचव्या दिवशी वाट उघडली आणि मुलाने पाठवलेलं रॉकेल आलं. पाचव्या दिवशी. मी यावर काही बोलत नाही.

सहा-सात वर्षांनी गावकऱ्यांनी चर्चचं छप्पर केलं. वार्सेनिक गरम पाण्याची बादली आणि चमचा घेऊन गोठ्यात आली. बरोबर नाझेली होती, बारीक आवाजाची, अखंड बडबडणारी. दोघींनी मिळून माझी माती काढली. एकेक घड उघडा झाला. नाझेलीने वाकडा घड पाहून "हा चुकलाय" असा निकाल दिला. मग चमचा खाली आला, ओळीपाशी.

नाझेली नुकतीच वाचायला शिकली होती. जुनी अक्षरं बोटाने चाचपत तिने वाचलं, "प्रभूपाशी… आठवण… करा…" आणि तिचं बोट माझ्या कडेवरून घसरून हवेत गेलं.

"कुणाची, आजी?"

 वार्सेनिकने चमचा बादलीत टाकला. जिथे भाऊ असायचा त्या रिकाम्या जागेकडे ती बघत राहिली.

"कुणाची? कुणाची आठवण करायची?"

"वाचायला हवं होतं मी," वार्सेनिक म्हणाली. "जाळायचंच होतं तर वाचून जाळायचं. एवढी माती काढायला किती वेळ लागला असता? बाळ तेवढं थांबलं असतं." मग नाझेलीकडे पाहून म्हणाली, "नसतं थांबलं कदाचित. तुझं दुखणं मला लागो, तू कधीच कशाला थांबली नाहीस."

उसनं आणलेलं दार तिने परत नेऊन लावलं, बापाला दिल्या शब्दाप्रमाणे. अर्धं. बापाच्या हत्यारांनी गावच्या माणसांनी पाइनचा पल्ला जोडला. मरेपर्यंत वार्सेनिक दर रविवारी यायची, माझ्यावरची अर्धी ओळ वाचायची आणि पुढे म्हणायची, "गालुस्तची." मग दुसऱ्यांनीही ती सवय घेतली. जो तो आपलं माणूस त्या ओळीला जोडतो. लढाईत गेलेल्यांची नावं आता फार ऐकू येतात.

आज गावात अकरा घरांतून धूर निघतो. चर्चची किल्ली मारोच्या नातीकडे खुंटीला असते. उन्हाळ्यात बाहेरगावचे लोक येतात, माझे फोटो काढतात आणि सरळ चालत निघून जातात. मागच्या वर्षी कुणीतरी किल्लीच्या टोकाने माझ्यावर बदाम कोरला आणि दोन नावं लिहिली. मला राग आला नाही. निदान पूर्ण नावं तरी होती.

नाझेली दूर देशी असते. मागच्या शरद ऋतूत आर्पिनेला माती द्यायला आली होती. मोठी बाई झाली आहे. चर्चमधून निघताना तिची पाठ माझ्याकडे येऊ लागली, मागे मागे, पावलापावलाने. दाराशी ती थांबली. तिने ओठ माझ्या कडेला नाही लावले. पलीकडच्या, त्या कुरकुऱ्या पाइनच्या कडेला लावले, आणि तिथे खूप वेळ उभी राहिली.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. तुमच्याही घरात, गोठ्यात, माळ्यावर मातीने झाकलेलं काहीतरी पडलेलं असेल. ते सगळं जपाच, असं मी म्हणत नाही. बाळ दारापेक्षा मोठं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पण टाकण्याआधी, जाळण्याआधी, एकदा माती पुसा. काय लिहिलंय ते वाचा. आणि कुणाला तरी सांगून ठेवा.

आता मी कबूल केलेलं नाव. माणसांत ते आता कुणाला माहीत नाही; ज्यांनी वाचलं होतं ते सगळे गेले. फक्त मला आहे, आणि मला चर्चच्या दारात बोलता येत नाही. आता ते तुमच्याकडे देतो. एकदा मोठ्याने म्हणा, पूर्ण ओळ, जशी ती आम्हा दोघांवर होती तशी:

प्रभूपाशी आठवण करा तिरातूर सुताराची, आणि शुशिकची, जिने दिवा धरला.